आधी वाचा, मग बघा

पुण्याच्या एका जाहिरात संस्थेचा मेल आला तेव्हा मी एका दूध संघाच्या वार्षिक अहवालाची प्रुफं वाचत होते. मेल चार ओळींचा. लेखनाचे नमुने मिळाले, आवडले, आता नव्वद सेकंदांचा व्हिडिओ रेझ्युमे पाठवा. मुक्त लेखनावर घर चालवायला लागून मला तिसरं वर्ष लागलंय. माहितीपत्रकं, वेबसाइटचा मजकूर, दुसऱ्यांची भाषणं, डब्यांवरच्या आणि पिशव्यांवरच्या ओळी, असं सगळं मी लिहिते. एवढं लिहून झाल्यावर आता चेहरा दाखवा म्हणतात, याचा मला फार राग आला.

मामा तेव्हा आमच्याकडे सांगलीत आले होते. त्यांनी तीस वर्षं मुंबईत जाहिरातींची कॉपी लिहिली आहे. त्यांना माझा राग पटला नाही आणि मला त्यांचं न पटणं पटलं नाही. तीन संध्याकाळी आम्ही यावर बोलत बसलो. दुसऱ्यांसाठी लिहून पोट भरणाऱ्या प्रत्येकापुढे आज हा प्रश्न येतो आहे, म्हणून ते बोलणं जमेल तितकं जसंच्या तसं इथे मांडते.

मी : मामा, सव्वीस पानांचे नमुने पाठवले होते. त्यांनी वाचले, आवडले म्हणाले. मग आता आणखी काय बघायचंय?

मामा : तू कशी बोलतेस, कामाबद्दल कसा विचार करतेस, ते बघायचं असेल.

मी : हा तर पाहण्याचा कार्यक्रम झाला. समोर बस, नाव सांग, शिक्षण सांग, थोडं हस. दोनदा झालाय माझा तसा कार्यक्रम. ती मंडळी बायोडेटा हातात धरून माझ्याकडे बघत होती, आणि त्या कागदावरचं कुणीच काही विचारलं नाही. आता कामासाठीही तेच करायचं?

मामा : राग खरा आहे तुझा. पण एक फरक बघ. तिथे काय विचारायचं ते समोरची माणसं ठरवत होती. इथे नव्वद सेकंदांत काय दाखवायचं, ते तू ठरवणार आहेस.

मी : काहीही ठरवलं तरी चेहरा दिसणारच. लिहिणाऱ्याला पानाचा आडोसा असतो, मामा. विभावरी शिरूरकरांचं घ्या. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. सगळा महाराष्ट्र विचारत होता, ही बाई कोण. बाळूताई खरे हे त्यांचं खरं नाव लोकांना माहीत नव्हतं, म्हणून त्या लिहू शकल्या ते. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातलं इतकं उघड कुणी लिहिलं नव्हतं. तेव्हा कुणी म्हटलं असतं, आधी दीड मिनिट समोर येऊन बोला, तर ते पुस्तक निघालं असतं?

मामा : नसतं निघालं. पण त्या पुस्तकामागे प्रकाशक उभा होता. वाचकाने पैसे मोजले ते पुस्तक हातात घेऊन. तुझा ग्राहक पैसे मोजतो तेव्हा त्याच्या हातात काहीच नसतं. आगाऊ रक्कम देतो, तुझ्या शब्दावर छपाईची तारीख धरतो. त्याला तुझ्यामागे कोण उभं आहे ते दिसत नाही, म्हणून तो तुलाच बघायला मागतो. आणि आपल्याकडचे लेखक काय फक्त पानामागेच राहिले? शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर गावोगाव कथाकथन करत फिरले. ज्यांनी कधी पुस्तक उघडलं नव्हतं त्यांनीही त्या कथा ऐकल्या. वपुंच्या कॅसेट तर आपल्या घरात झिजेपर्यंत वाजल्या. आवाज ऐकून पुस्तकाकडे गेलेला वाचक मी स्वतः आहे.

मी : ते बोलणारे लेखक होते. कथाकथन ही त्यांची कलाच होती. मला कुणी बोलण्याचे पैसे देत नाही.

मामा : अगं, कामाची चर्चा करतेस तेव्हा बोलतेसच ना? माझ्या वेळी काळी मोठी फाइल काखेत मारून फोर्टपासून नरिमन पॉइंटपर्यंत चालायचो. फाइलमध्ये छापील जाहिराती. पण काम मिळायचं ते फाइल उलटताना मी जे सांगायचो त्यावर. ही ओळ आधी अशी होती, ग्राहकाला ती का नको होती, मग आम्ही काय केलं. फाइल सगळ्यांचीच चांगली असायची. उलटताना बोलता येणारे थोडे.

इथे मी थोडी थांबले. फाइल उलटतानाचं बोलणं ही गोष्ट मला नवी होती. माझ्या नमुन्यांच्या पीडीएफमध्ये फक्त पक्की पानं आहेत. कच्चं काय होतं आणि ते पक्कं कसं झालं, हे त्यात कुठेच नाही. पण माझी खरी अडचण वेगळी होती, आणि ती मी दुसऱ्या दिवशी मांडली.

मी : मामा, तुम्ही फाइल घेऊन गेलात तेव्हा तुम्ही पुरुष होतात, मुंबईचे होतात, तुमची भाषा त्या ऑफिसची भाषा होती. मी तोंड उघडलं की सांगली ऐकू येते. मागे एका ग्राहकाशी पहिल्यांदा फोनवर बोलले. त्याने आधी मजकूर वाचून होकार दिला होता. फोनवर म्हणाला, “तुम्ही लिहिता त्यापेक्षा वेगळंच बोलता हो.” त्यानंतर प्रत्येक मसुद्यात त्याला ग्रामीण शब्द सापडायला लागले. मजकूर तोच, लिहिणारीही तीच. ऐकल्यावर वाचणं बदललं त्याचं.

मामा : (बराच वेळ गप्प राहून) हे तू कधी सांगितलं नव्हतंस.

मी : सांगून काय करणार? आणि हे माझं एकटीचं नाही. व्हिडिओत वय दिसतं, रंग दिसतो, मागची भिंत दिसते, घर केवढं आहे ते दिसतं. माझी एक मैत्रीण उपशीर्षकं लिहिते. दोन माणसं भांडताना एकेका ओळीत किती शब्द मावतील, याची तिच्याइतकी नजर मी कुणाची पाहिली नाही. ती बोलताना अडखळते. तिने नव्वद सेकंदांत काय करायचं? परदेशातल्या वाद्यवृंदांनी यावर एक उपाय काढला. बोस्टन सिम्फनीने १९५२ मध्ये वादकांची निवड करताना मध्ये पडदा लावला. वाजवणारा बाई आहे की पुरुष, गोरा आहे की काळा, ते परीक्षकांना दिसू नये म्हणून. पुढे कुठे कुठे तर बुटांच्या आवाजावरून बाई ओळखू येऊ नये म्हणून बूटही काढायला लावले, जमिनीवर गालिचा घातला. फक्त वाजवणं ऐकायचं. लेखकाला तो पडदा जन्मतःच मिळालाय. पान. आणि हा व्हिडिओ रेझ्युमे तो पडदा आपल्याच हाताने काढायला सांगतो.

मामा : पण पडदा कधीतरी निघतोच. नेमणूक झाल्यावर तो वादक सगळ्यांसमोर बसूनच वाजवतो. तुझाही ग्राहक आज ना उद्या फोन करणारच.

मी : करू दे ना. तोवर त्याने वाचलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आधी वाचा आणि मग बघा. जो आधी बघतो, तो नंतर वाचतो ते बघितलेल्या डोळ्यांनी.

मामांनी मान हलवली. हा मुद्दा त्यांना तेव्हा तरी पटला. पण त्यांचाही एक मुद्दा राखून ठेवलेला होता.

मामा : आता माझं ऐक. तू म्हणतेस, मजकूर वाचा, तो पुरेसा आहे. नोव्हेंबर २०२२ पर्यंत मीही तेच म्हटलं असतं. मग चॅटजीपीटी आलं. आज कुणीही पाच मिनिटांत सव्वीस पानं तयार करून पाठवू शकतो. शुद्ध, गुळगुळीत, चुका नसलेली. त्या पुण्याच्या माणसासमोर अशा चाळीस पीडीएफ पडल्या असतील. तुझी पानं तूच लिहिलीस, हे त्याने कशावरून ओळखायचं?

मी : व्हिडिओही बनवता येतो की आता. चेहरा हलतो, ओठ जुळतात, आवाजही आपलाच वाटतो.

मामा : येतो. म्हणून नुसत्या चेहऱ्याला काही किंमत नाही, हे मी मान्य करतो. पण तू तासगावला जाऊन एका बेदाणेवाल्याच्या शेडवर बसलीस, त्याला काय विचारलंस, त्याने काय सांगितलं आणि त्यावरून त्याच्या डब्यावरचं वाक्य कसं बदललं, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगता येईल? ते सांग. लोक व्हिडिओत स्वतःबद्दल बोलतात, तिथेच घोटाळा होतो.

मी : घोटाळा कसला, माणूस आयुष्यातून उठतो. २००६ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या एका मुलाने बँकेतल्या नोकरीसाठी असा व्हिडिओ पाठवला होता. वजनं उचलतोय, टेनिस खेळतोय, नाचतोय, हाताने विटा फोडतोय, आणि मधेमधे यश कसं मिळवावं यावर बोलतोय. तो व्हिडिओ बाहेर फुटला आणि सगळ्या जगाने त्याची टर उडवली. कागदी रेझ्युमे वाईट असला तर कचऱ्याच्या डब्यात जातो, तिथेच संपतो. व्हिडिओ वाईट झाला तर फिरत राहतो.

मामा : त्या मुलाचं वाईट वाटतं मला. तरुण होता, उत्साह होता. एक लिओनार्दोचं पत्र आहे, वाचलंयस? १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुदोव्हिको स्फोर्झाला लिहिलेलं. काहीजण त्यालाच जगातला पहिला रेझ्युमे म्हणतात. लिओनार्दो दा विंची काय काय करू शकतो याची यादी आहे ती. हलके पूल, वेढ्याची यंत्रं, तोफा, छप्पर असलेले गाडे. स्फोर्झाला लढाया करायच्या होत्या, म्हणून आधी लढाईचं. आणि चित्रकला? अगदी शेवटी, जाता जाता. एवढा मोठा चित्रकार, पण समोरच्याची गरज बघून त्याने आपली चित्रं खाली ठेवली.

मी : पण ते पत्र आहे मामा. लिहिलेलं.

मामा : आणि तुझा व्हिडिओ काय न लिहिता होणार आहे?

या एका प्रश्नाने माझी बसायची जागा बदलली. तोपर्यंत मी व्हिडिओकडे बोलण्याची परीक्षा म्हणून बघत होते. नव्वद सेकंदांचं बोलणं कुणीतरी लिहावं लागतं, आणि लिहिणं हेच माझं काम आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. घड्याळ लावून एक उतारा मोठ्याने वाचला. मिनिटाला सव्वाशे शब्द झाले. म्हणजे नव्वद सेकंदांना पावणेदोनशेच्या थोडं वर, आणि श्वासाला जागा सोडली तर दीडशे. एवढ्या शब्दांत आपलं काम दाखवायचं, ही तर सरळ सरळ लेखनाची परीक्षा होती.

पहिला मसुदा मी लगेच लिहिला. “नमस्कार. मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे. मी माहितीपत्रकं, ब्लॉग, भाषणं अशा विविध प्रकारचं दर्जेदार लेखन करते.” मामांनी तो वाचला आणि काही न बोलता परत दिला. मीही परत वाचला. दुसऱ्या कुणाच्या माहितीपत्रकात मी ‘दर्जेदार’ हा शब्द कधी ठेवला नसता.

मग तासगावचा विषय घेतला. त्या उत्पादकाच्या डब्यावर पूर्वी असं होतं : “आमचे बेदाणे उत्कृष्ट दर्जाचे असून ग्राहकांच्या विश्वासास पात्र आहेत.” मी त्यांच्या शेडवर अर्धा दिवस काढला होता. द्राक्षाचे घड द्रावणात बुडवून काढतात, त्याने सालीवरचा मेणासारखा थर कमी होतो आणि पाणी लवकर निघून जातं. मग ते शेडमध्ये जाळ्यांवर पसरतात. वर छप्पर, बाजूंनी वारा. मी विचारलं, तुमच्या बेदाण्यावर ही हिरवट झाक कशी? ते म्हणाले, “उन्हात घालत नाही आम्ही. सावलीत पंधरा दिवस वाळतोय त्यो.” डब्यावर आता दोनच वाक्यं आहेत : “सावलीत पंधरा दिवस वाळवलेला. म्हणून रंग हिरवा.”

मामा : झाला तुझा व्हिडिओ. आधीची ओळ, तुझा प्रश्न, त्यांचं उत्तर, नवी ओळ. संपलं.

मी : आणि मी?

मामा : त्या प्रश्नात तूच आहेस. दुसरी कुणी असती तर तिने हिरव्या रंगाबद्दल विचारलंच नसतं.

मी : पण त्यांची परवानगी घ्यावी लागेल. माझ्या निम्म्या कामावर माझं नाव नसतं. ज्या अध्यक्षांची भाषणं मी लिहिते, ती व्हिडिओत दाखवली तर उद्या कोण मला भाषण लिहायला सांगेल?

मामा : ज्याची परवानगी मिळेल तेवढंच दाखव. लेखी घे, फोनवरच्या होकारावर राहू नकोस. एक उदाहरण पुरतं.

परवानगी त्याच दिवशी मिळाली. त्या उत्पादकाने शेडचे दोन फोटोही पाठवले.

तिसऱ्या संध्याकाळी वाद झाला तो दाखवायचं काय आणि ठेवायचं कुठे यावर. मामांचं म्हणणं, सुरुवातीलाच चेहरा हवा, माणसाला माणूस बघायचा असतो. माझं म्हणणं, सुरुवात कागदाने व्हावी. छापील ओळ, तिच्यावर पेन्सिल घेतलेला हात, एकेक शब्द कापला जातोय, आणि मागे माझा आवाज. चेहरा शेवटच्या दहा सेकंदांत. मी अडून बसले. आवाज मात्र माझ्या सांगलीच्याच हेलात ठेवायचा, हे मामांनी सांगितलं आणि ते मी मानलं. “तो बेदाणेवाला तुझ्याशी मोकळा बोलला, ते या बोलीमुळेच,” ते म्हणाले. खरं होतं ते. माझी बोली माझ्या कामाचं एक हत्यार आहे, हे मी स्वतःशीही कधी म्हटलं नव्हतं.

फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून खिडकीकडे तोंड करून ठेवला. पंखा बंद केला. दोनदा शेजारच्या कुकरची शिट्टी मध्ये आली. बाराव्या वेळी नीट झालं. मग खाली मजकूर चढवायला बसले, कारण बरेच लोक आवाज बंद ठेवूनच व्हिडिओ बघतात. मोबाइलने आपोआप लिहून दिलेल्या मजकुरात ‘बेदाणे’चं ‘बे दाणे’ झालं होतं आणि ‘झाक’चं ‘झोप’. सगळं हाताने लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घ तपासले. लेखिकेच्या व्हिडिओखाली अशुद्ध मराठी गेलं असतं, तर वर काय बोलले ते कुणी ऐकलंच नसतं.

मामा : आता कुठे टाकणार?

मी : कुठल्याच मंचाच्या भरवशावर ठेवणार नाही. २०२१ च्या जुलैत अमेरिकेत टिकटॉकने व्हिडिओ रेझ्युमे मागवले होते, तेव्हा आपल्याकडे ते ॲप बंद होऊन वर्ष उलटलं होतं. ज्यांचं सगळं काम तिथेच होतं, ते एका रात्रीत गेलं. मूळ फाइल माझ्याकडे. यूट्यूबवर यादीत न दिसणारा दुवा. त्याला कुलूप नसतं, दुवा मिळेल त्याला दिसतो, म्हणून घरचा पत्ता, फोन नंबर काही बोललेले नाही. आणि दुवा मेलच्या वरच्या ओळीत देणार नाही. नमुन्यांच्या शेवटच्या पानावर देणार. पान वाचत वाचत जो तिथपर्यंत येईल, त्याने बघावं.

मामा : ज्याला घाई आहे, तो तिथपर्यंत येणार नाही.

मी : माहितेय.

मामा : एखादं काम जाईल.

मी : जाऊ दे मामा. जो वाचत नाही, त्याच्यासाठी मी काय लिहिणार?

मामांना हे आजही पटलेलं नाही. त्यांच्या मते दार उघडं ठेवायचं असेल तर पूर्ण उघडं ठेवावं. माझ्या मते दाराआधी अंगण असावं, आणि माझं अंगण म्हणजे माझी पानं. मी तो मेल तसाच पाठवला : नमुने आधी, व्हिडिओ शेवटी.

त्याच आठवड्यात मी सगळा खटाटोप त्या उपशीर्षकं लिहिणाऱ्या मैत्रिणीला सांगितला. ती ऐकत राहिली आणि दोन दिवसांनी तिने तिचा व्हिडिओ पाठवला. सत्तर सेकंदांचा. चेहरा नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर एका भांडणाचे संवाद, पूर्ण लांबीचे, भराभर येऊन वाचायच्या आत निघून जाणारे. मग तेच संवाद तिने कापलेले. आधी अकरा शब्द, मग सात, मग चार. शेवटच्या वेळी प्रत्येक ओळ डोळ्यांत मावते आणि भांडण पहिल्यापेक्षा जास्त लागतं. खाली तिचं नाव आणि एक वाक्य : “मी संवाद लहान करते, भांडण लहान करत नाही.”

मी तो मामांना दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. पहिला मसुदा परत देताना होते तसेच गप्प होते, पण या वेळी फोन त्यांनी हातातच ठेवला.

मामा : ही बोलताना अडखळते म्हणालीस ना?

मी : हो.

मामा : इथे कुठेच अडखळली नाही. तुझ्यापेक्षा चांगला झालाय हिचा.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आनंदच झाला. व्हिडिओ मागणाऱ्या प्रत्येकाला मला एवढंच सांगायचं आहे. लेखकाला समोर बोलवा, पण काय घेऊन यायचं ते त्याला ठरवू द्या. कुणी आवाज आणेल, कुणी चेहरा आणेल, कुणी नुसता कापलेला शब्द आणेल. आणि लिहिणाऱ्यांनो, तुम्ही घाबरू नका. तुमचं रोजचं काम एका वाक्यावर कसं चालतं, तेवढं दाखवा. माझ्या मैत्रिणीने दाखवलं, आणि मामांसारख्या तीस वर्षं मुरलेल्या माणसाने ते दोनदा पाहिलं.